मुठीच्या आदल्या दिवशी

(युवकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावलंय ते कवी म्हणून. पण आज कविता वाचणार नाय. आत आलो, समोरच्या भिंतीवरचा हा फोटो बघितला आणि खिशातला कागद खिशातच ठेवला. ह्या फोटोविषयी बोलावं म्हणतो. आणि फोटोत जे नाही त्याविषयी जास्त. मी गोदीतला माणूस, शिक्षण मॅट्रिक. पाळी संपवून थेट आलोय, अंगाला घामाचा वास असेल, तेवढा सोसा. चुकलं तर मधेच टोका.

फोटो तुम्हाला पाठ आहे. मेक्सिको सिटी, १६ ऑक्टोबर १९६८. दोनशे मीटरची शर्यत संपलेली. चौथऱ्यावर टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस. मान खाली, मूठ वर, मुठीवर काळा हातमोजा. पायात बूट नाहीत, नुसते काळे मोजे, कारण गरिबी दाखवायची होती. बाजूला ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन. कातडीनं गोरा, पण छातीवर त्यानंही तोच मानवी हक्कांचा बिल्ला लावलाय. ह्या दोघांना अमेरिकेच्या संघातून काढलं, ऑलिंपिक गावातून हाकललं. का? तर राष्ट्रगीत चालू असताना मान खाली घातली आणि मूठ वर केली.

काळ्या अमेरिकेशी आपलं नातं जुनं आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरनं घेतलं. तेव्हा हा फोटो आपल्या भिंतीवर आहे हे बरोबरच आहे. मीही ह्या मुठीवर कविता लिहिलीय. टाळ्या पण घेतल्यात.

आता मला सांगा, १५ ऑक्टोबरला काय झालं? आदल्या दिवशी? त्याच मैदानात, त्याच ट्रॅकवर? आहे कुणाला ठाऊक?

नाय ना? मलाही नव्हतं. कविता लिहून झाली, छापून झाली, तरी नव्हतं.

१५ ऑक्टोबर १९६८ ला वायोमिया टायस नावाची तेवीस वर्षांची काळी पोरगी शंभर मीटर पळाली. अकरा सेकंद. जागतिक विक्रम. आणि हे तिचं शंभर मीटरचं लागोपाठ दुसरं ऑलिंपिक सुवर्ण. पहिलं १९६४ साली टोकियोत. शंभर मीटरचं सुवर्ण एकदा जिंकून पुढच्या ऑलिंपिकात पुन्हा जिंकणं हे तोवर कुणालाच जमलं नव्हतं. ना बाईला, ना बाप्याला. पुरुषांत ते पहिल्यांदा कार्ल लुईसच्या नावावर लागलं ते १९८८ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. आणि तेव्हा कितीतरी जणांनी बेधडक सांगितलं की हे करणारा हाच पहिला माणूस. म्हणजे बाई माणसात मोजलीच नाही.

आणखी ऐका. ती मेक्सिकोत पळाली ती संघाची पांढरी चड्डी घालून नव्हे. तिनं गडद रंगाची घातली होती. तोही निषेधच होता, तिच्या परीनं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग २० ऑक्टोबरला रिलेत तिचा संघ जिंकला, शेवटचा टप्पा तिचा. तेव्हा तिनं पत्रकारांना सरळ सांगितलं, आमची ही पदकं स्मिथ आणि कार्लोसला. त्या दोघांना हाकलून लावल्यावर, अजून संघात असताना, उघड सांगितलं. ह्याला छाती लागते. पण ह्याचा फोटो कुठल्या भिंतीवर नाही.

ही पोरगी आली कुठनं? ते आज सांगायचंय. कारण ती एकटी नव्हती. तिच्यामागं एक आख्खी शाळा होती.

अमेरिकेच्या दक्षिणेत टेनेसी राज्य. त्यात नॅशव्हिल शहर. तिथं सरकारनं काळ्यांसाठी वेगळं कॉलेज काढलं, ते १९१२ साली सुरू झालं. नाव ठेवलं शेतकी आणि औद्योगिक. नावातच कळतं सरकारला काळ्यांची पोरं काय व्हायला हवी होती. शेतात राबणारी, कारखान्यात राबणारी. आज त्याला टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटी म्हणतात. ह्या कॉलेजच्या मुलींचा धावण्याचा संघ, त्याचं नाव टायगरबेल्स. वाघिणी म्हणा.

१९५० साली एड टेम्पल नावाचा तरुण तिथं मुलींचा प्रशिक्षक झाला. स्वतः त्याच कॉलेजात शिकलेला. पगार महिन्याला दीडशे डॉलर, आणि त्यात कॉलेजचं पोस्ट ऑफिसही चालवायचं. पुढं समाजशास्त्र शिकवायला लागला. सकाळी वर्ग, दुपारी टपाल, संध्याकाळी मैदान. मैदान म्हणजे कसलं, कच्च्या मातीचा ट्रॅक, त्यावर रेघा हा स्वतः मारणार. बाहेरगावी स्पर्धा असली की पोरींना मोटारीत कोंबून हाच गाडी चालवत नेणार. वाटेत काळ्यांना खानावळीत खायला मिळत नव्हतं, पेट्रोल पंपावरचा संडास वापरू देत नव्हते. डबा सोबत बांधायचा आणि संडासला रस्त्याकडेच्या शेतात जायचं. शेकडो मैल असा प्रवास करून पोरी उतरायच्या आणि शर्यत जिंकायच्या. आपल्या कुणाला हे समजावून सांगायची गरज नाय.

शिष्यवृत्ती? खेळासाठी पोरींना शिष्यवृत्ती नव्हती. कामाच्या बदल्यात शिक्षण. रोज दोन तास कॉलेजात काम करायचं, आठवड्याचे पाच दिवस. पोरी ऑलिंपिकचं पदक गळ्यात घालून परत आल्या तरी दोन तास चुकले नाहीत. काम, मग वर्ग, मग सराव. मी दिवसभर गोदीत बोजा उचलून रात्री कविता लिहितो ह्याचं मला फार कौतुक वाटायचं. ह्या पोरींचं वाचलं आणि कौतुक आवरतं घेतलं.

उन्हाळ्यात टेम्पल गावोगावच्या शाळकरी पोरी निवडून नॅशव्हिलला आणायचा. दिवसातून तीनदा सराव, पहिला पहाटेचा, एक भर उन्हातला. उशीर झाला तर जितकी मिनिटं उशीर तितक्या फेऱ्या. विल्मा रुडॉल्फ एकदा झोपून राहिली, अर्धा तास उशिरा आली. तीस फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधी येऊन बसली.

विल्माचं नाव काही जणांनी ऐकलं असेल. पोलिओ झालेली मुलगी धावपटू झाली, अशी तिची गोष्ट शाळेत सांगतात. जिद्द, चमत्कार वगैरे. मला त्या गोष्टीचा राग येतो. कारण त्यात विल्मा एकटी असते. खरी गोष्ट अशी आहे. क्लार्क्सव्हिल नावाचं गाव. बाप रेल्वेत हमाल, आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणारी. बापाच्या दोन लग्नांची मिळून बावीस पोरं, त्यात ही विसावी. लहानपणीच पोलिओ, डावा पाय वाकडा. काळ्यांवर उपचार करणारं मोठं हॉस्पिटल पन्नास मैलांवर, नॅशव्हिलमध्ये, काळ्यांच्याच मेडिकल कॉलेजचं. आई तिला दर आठवड्याला बसनं घेऊन जायची. बसमध्ये मागं बसून. पायाला मालीश कशी करायची ते आई डॉक्टरांकडून शिकली, तिनं थोरल्या पोरांना शिकवलं. मग घरातली सगळी पाळ्या लावून दिवसातून चार वेळा तिचा पाय चोळायची. वर्षानुवर्षं. तो पाय चमत्कारानं सुधारला नाही. तो पाय एका मोलकरणीच्या सुट्टीच्या दिवसांनी आणि भावंडांच्या हातांनी सुधारला. आमच्या गोदीत एकट्यानं मोठा बोजा उचलला असं कुणी म्हणत नाही. टोळी उचलते.

सोळाव्या वर्षी, १९५६ साली, ती मेलबर्नला रिलेत पळाली. मे फॅग्ज, मार्गारेट मॅथ्यूज, इझाबेल डॅनियल्स आणि विल्मा. चारही टेम्पलच्याच पोरी. कांस्य मिळालं. मे फॅग्ज त्यात थोरली, १९५२ च्या हेलसिंकीचं सुवर्ण तिच्याकडं होतं. ह्या लहानीला पळावं कसं, घाबरायचं नाही कसं, ते तिनं शिकवलं.

मग १९५८ साली विल्माला मूल झालं. शाळेत असताना, लग्नाआधी. आता बघा, टेम्पलचा नियम होता, मूल असलेली मुलगी संघात नाही. त्यानं नियम मोडला. मुलगी घरच्यांनी सांभाळली, विल्मा कॉलेजात गेली. ह्या एका नियमभंगावर रोमची तीन सुवर्णपदकं उभी आहेत. आपल्या वस्तीत अशा पोरीचं काय झालं असतं? इथं बसलेल्या प्रत्येकानं मनात उत्तर द्यावं. मोठ्यानं नको.

रोम, सप्टेंबर १९६०. शंभर मीटर, दोनशे मीटर, रिले. तीन सुवर्ण. एका ऑलिंपिकात धावण्याची तीन सुवर्णं मिळवणारी ती पहिली अमेरिकन बाई. रिलेत मार्था हडसन, बार्बरा जोन्स, ल्युसिंडा विल्यम्स आणि शेवटी विल्मा. चौघी नॅशव्हिलच्या. म्हणजे अख्ख्या अमेरिकेचा संघ म्हणून जो पळाला तो एका काळ्या कॉलेजचा संघ होता. शेवटच्या बदलीत बॅटन नीट हातात बसेना, विल्मा अडखळली, जर्मनीची पोरगी पुढं गेली. हिनं तिला गाठलं आणि मागं टाकलं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच नॅशव्हिलमध्ये काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या उपाहारगृहात जाऊन बसायला लागले होते. शांत बसायचे, मार खायचे, जेलात जायचे. त्यात ह्या कॉलेजचीही पोरं होती. पुढच्या वर्षी बसमधला भेद मोडायला फ्रीडम रायडर निघाले. त्यात अटक झालेल्या ह्याच कॉलेजच्या चौदा विद्यार्थ्यांना कॉलेजनं काढून टाकलं. सरकारी पैशावर चालणारं कॉलेज, करणार काय? सत्तेचाळीस वर्षांनी, २००८ मध्ये, त्यांना सन्मानाची पदवी दिली. पदक आणलं तर मिरवणूक, हक्क मागितला तर नाव कमी. एकाच कॉलेजची दोन तोंडं. आपण ही दोन्ही तोंडं बघितलेली आहेत.

विल्मा गावी परत आली. क्लार्क्सव्हिलनं मिरवणूक आणि जेवण ठरवलं. तेव्हा गावचा रिवाज काय, गोऱ्यांचं वेगळं, काळ्यांचं वेगळं. ही म्हणाली, वेगळं असेल तर मी येणार नाही. वीस वर्षांची पोरगी. गाव वाकलं. ४ ऑक्टोबर १९६० ला क्लार्क्सव्हिलमध्ये गोरे आणि काळे पहिल्यांदा एका कार्यक्रमात एकत्र आले, एका पंगतीला जेवले. महाडच्या तळ्याची आठवण ज्याला आली नाही त्यानं घरी जाऊन इतिहास वाचावा. आणि तिनं तिथंच सोडलं नाही. १९६३ मध्ये गावातल्या हॉटेलात काळ्यांना प्रवेश मिळावा म्हणून ती निदर्शनात उभी राहिली. म्हणजे तीन सुवर्णपदकं मिळाल्यावर तीन वर्षांनीही तिच्या गावच्या हॉटेलाचं दार तिला बंद होतं.

आता वायोमियाकडं परत येऊ. ती जॉर्जियातल्या ग्रिफिन गावची. बाप गोऱ्याच्या गोठ्यावर राबणारा. जवळची शाळा गोऱ्यांची, म्हणून हिला बसनं तासभर लांब काळ्यांच्या शाळेत. बापानं तिला भावांसोबत खेळायला, पळायला शिकवलं, पोरगी म्हणून अडवलं नाही. ती पंधरा वर्षांची असताना बाप गेला. ती गप्प झाली, बोलणंच तुटलं. १९६१ साली टेम्पलनं तिला एका शालेय स्पर्धेत बघितलं आणि उन्हाळ्याच्या शिबिराला बोलावलं. तीन वर्षांनी टोकियोत तिनं शंभर मीटर जिंकलं. दुसरी आली ती तिचीच मैत्रीण, त्याच कॉलेजची ईडिथ मॅकग्वायर. ईडिथनं दोनशे मीटर जिंकलं. आणि १९६८ ला मेक्सिकोत मॅडलीन मॅनिंगनं आठशे मीटर जिंकलं, तीही ह्याच कॉलेजची.

ह्या एका कॉलेजमधनं टेम्पलच्या हाताखाली चाळीस ऑलिंपिक धावपटू तयार झाले. पदकं तेवीस, त्यात तेरा सुवर्ण. आणि मला त्याहून मोठा वाटतो तो आकडा वेगळाच आहे. त्या चाळिसांतल्या एकोणचाळीस पदवीधर झाल्या. टेम्पल हाच धोशा लावायचा, पाय थकतील, पदवी थकणार नाही. शब्द माझे, मतलब त्याचा. तो १९९४ पर्यंत तिथंच राहिला. त्याच्या जागी आली ती त्याचीच शिष्या, चँड्रा चीझबरो, १९८४ ची दोन सुवर्णं मिळवलेली.

टेम्पलला देव करू नका. त्याच्यातही गोम होती. शर्यत संपली की फोटोआधी केस नीट करा, बाईसारखं दिसा, हा त्याचा आग्रह. पळणारी काळी पोरगी म्हणजे बाईच नव्हे असं गोरी वर्तमानपत्रं लिहायची, त्याची ती धास्ती होती. धास्ती कळते. पण ओझं पडायचं ते पोरींवरच. दोन तास काम, तीनदा सराव, जगाचा विक्रम, आणि वर नीटनेटकं दिसायचं.

आता मूळ मुद्दा. १९६७ साली काळ्या खेळाडूंनी मानवी हक्कांसाठी जी संघटना उभारली, ज्यातनं ही मूठ वर आली, तिनं मेक्सिकोवर बहिष्कार टाकायचा की नाही ह्यावर वर्षभर चर्चा केली. बैठका झाल्या, मागण्या झाल्या. मागण्या सगळ्या रास्त. पण बायकांना विचारलं नाही. वायोमिया टायसनं पुढं आपल्या आत्मकथनात हे लिहिलंय. शंभर मीटरची ऑलिंपिक विजेती, तिला बैठकीला बोलावलं नाही, तुझं मत काय असं कुणी विचारलं नाही. तुम्ही आमच्यामागं येणारच असं धरून चाललं. आणि ती आली. न विचारता आली. काळी चड्डी घालून आली, पदक देऊन आली.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. का ते सांगतो, आणि हे सांगायलाच कवितेचा कागद खिशात ठेवलाय.

माझी धाकटी बहीण शाळेत पळायची. चारशे मीटर. अनवाणी. तिच्या पायाला चिखल्या व्हायच्या, आई मेण गरम करून लावायची. एकदा मोठ्या स्पर्धेत दुसरी आली, स्टीलचा डबा मिळाला. तो डबा अजून घरात आहे, त्यात साखर असते. मी तेव्हा नुकताच गोदीला लागलो होतो. घरात पैसा आणणारा मी, म्हणजे साहेब. नाक्यावरची पोरं एकदा काहीतरी बोलली. मी घरी आलो आणि म्हणालो, उद्यापासनं मैदानावर जायचं नाही. त्या पोरांना काही बोललो नाही. बहिणीला बोललो. ते सोपं होतं. ती रडली नाही, भांडली नाही. बुटासाठी पैसे साठवत होती, ते आईला देऊन टाकले.

आणि त्याच वर्षी मी मुठीवरची कविता लिहिली. साला, काय माणूस.

गेल्या महिन्यात मी तिला वायोमियाची गोष्ट सांगितली. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "दादा, तिला पण कुणी विचारलं नव्हतं होय?" आणि परत भाजी निवडायला लागली.

ह्यावर मी काय बोलणार?

दोस्तांनो, हा फोटो काढायचा नाही. ती मूठ खरी आहे, तिची किंमत त्या दोघांनी आयुष्यभर मोजलीय. पण ह्या फोटोशेजारी खिळा ठोकून वायोमिया टायसचा फोटो लावा, खाली तारीख लिहा, १५ ऑक्टोबर १९६८. आणि नुसता फोटो लावून आपलं भागणार नाय, हे मी माझ्यावरनं सांगतो.

आपल्या मंडळाच्या मैदानावर संध्याकाळी पाच ते आठ कोण असतं? आपण असतो. कबड्डी आपली, क्रिकेट आपलं, बाकड्यावर बसून क्रांतीच्या गप्पा आपल्याच. पोरी कुठं असतात? नळावर, चुलीपाशी, धाकट्या भावंडामागं. माझी मागणी एवढीच आहे, रोजचे पाच ते सात हे दोन तास पोरींचे. ट्रॅक लागत नाही, टेम्पलकडं पण मातीच होती. चुना मी आणतो, रेघा आपण मारू. आणि आपण तिथं राखण करायला उभं राहायचं नाही. राखण नको त्यांना. ज्या नाक्यावरची पोरं बोलतात त्या नाक्यावर जायचं आपण, आणि त्यांच्याशी बोलायचं. मी सात वर्षांपूर्वी जे केलं नाही ते.

पण त्याच्याही आधी एक काम आहे. ह्या सभेत किती पोरी आहेत ते मी आल्यापासनं मोजतोय. चार. त्या मागं, दाराजवळ बसल्यात. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं, त्यांना विचारलंच नाही. तेव्हा आता मी खाली बसतो. मैदानाचं काय करायचं, किती वाजता, कसं, ते त्यांनी इथं पुढं येऊन सांगावं. आपण ऐकू.

जयभीम.